आयआर रिमोट: लर्कडी बाजूला ठेवून थेट ड्रायव्हरशी बोलणं (रास्पबेरी पाय, लर्क, आयऑक्टल)

वेलदोडा

नमस्कार मंडळी.

आईचे हात थरथरतात. उशाशी टीव्ही, सेट टॉप बॉक्स, एसी आणि नव्या बीएलडीसी पंख्याचा असे चार रिमोट, आणि सगळ्यांवर हरभऱ्याएवढी बटणं. नेमकं हवं ते बटण तिच्याकडून दाबलं जात नाही, आणि दर वेळी कुणाला तरी हाक मारायची हे तिला अजिबात आवडत नाही. म्हणून लाकडी फळीवर तळहाताने दाबता येतील अशी मोठी बटणं बसवली आणि मागे रास्पबेरी पाय हा छोटा संगणक लावला. बटण दाबलं की पाय इन्फ्रारेड सिग्नल सोडतो. आता हे रोज वापरात आहे. जे कळलं ते इथे लिहून ठेवतो, कारण घरात अशी गरज असलेले बरेच जण असतील.

नेटवरची बहुतेक मार्गदर्शनं लर्कडी हा डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम) आणि त्याची कॉन्फिग फाइल यांच्यापाशीच थांबतात. खरं तर आजच्या लिनक्समध्ये तो थर लागतोच असं नाही. २०१० मध्ये, २.६.३६ या आवृत्तीत, लर्क या इन्फ्रारेड रिमोटच्या प्रणालीचा इंटरफेस मुख्य कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आला. तेव्हापासून रिसीव्हर किंवा ट्रान्समीटर आपल्याला /डेव्ह/लर्क० अशी साधी कॅरेक्टर डिव्हाइस फाइल म्हणून दिसतो. वाचलं की समोरच्या रिमोटचे पल्स (इन्फ्रारेड प्रकाशाचे ठोके) मिळतात, लिहिलं की एलईडीतून पल्स जातात. बाकीचं सगळं, म्हणजे कॅरिअर (पल्समधला प्रकाश ज्या फ्रिक्वेन्सीने लुकलुकतो ती) किती, ड्यूटी सायकल (त्या लुकलुकण्यात चालूचा वाटा) किती, टाइमआउट (किती शांततेनंतर संदेश संपला मानायचा) किती, कुठला एमिटर (पाठवणारा एलईडी), हे आयऑक्टलने, म्हणजे ड्रायव्हरला आज्ञा देण्याच्या सिस्टम कॉलने, सांगायचं.

माझा आग्रह एकच आहे. डिव्हाइसला काही करायला सांगण्याआधी त्याला काय येतं ते विचारा. लर्क_गेट_फीचर्स हा आयऑक्टल एक ३२ बिटांचा आकडा देतो आणि त्यातला एकेक बिट म्हणजे एकेक क्षमता: कच्चे पल्स वाचता येतात का, पाठवता येतात का, कॅरिअर बदलता येतो का, टाइमआउट बदलता येतो का. जीपीआयओवरचा (पायच्या साध्या पिनांवरचा) रिसीव्हर पाठवू शकत नाही, ट्रान्समीटर वाचू शकत नाही. हे न विचारता लोक चुकीच्या फाइलवर लिहीत बसतात आणि सोल्डरिंगला दोष देतात. प्रोग्राम लिहायचा नसेल तर व्ही४एल-युटिल्स या पॅकेजमधलं आयआर-सीटीएल घ्या. त्याला फीचर्सचा पर्याय दिला की हीच माहिती वाचता येईल अशा शब्दांत मिळते.

आता वाचन. मोड२ मध्ये, म्हणजे कच्चे पल्स वाचताना, प्रत्येक नोंद चार बाइटची. वरचे ८ बिट प्रकार सांगतात (० म्हणजे स्पेस, अर्थात दोन पल्समधली शांतता, १ म्हणजे पल्स, २ म्हणजे मोजलेली फ्रिक्वेन्सी, ३ म्हणजे टाइमआउट) आणि खालचे २४ बिट मायक्रोसेकंद. एनईसी पद्धतीच्या रिमोटचा पहिला पल्स ९ मिलिसेकंदांचा असतो, पण छापून पाहिलं तर १६७८६२१६ असा अगडबंब आकडा दिसतो. त्यातून १६७७७२१६ वजा करा, ९००० उरतात. पुढची नोंद साधारण ४५००, ती स्पेस, म्हणून तिथे वजाबाकी नको. त्यानंतर ५६० च्या आसपासचे पल्स आणि त्यांच्यामध्ये कधी ५६० ची तर कधी १६९० ची स्पेस. आखूड स्पेस म्हणजे ०, लांब म्हणजे १. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की रिमोटमध्ये गूढ असं काही राहत नाही.

प्रश्न असतील तर विचारा. रोज रात्री बघतो.

---

सोल्डरवाली

वेलदोडा, फार चांगलं काम केलंत. आईंना माझा नमस्कार सांगा.

हार्डवेअरबद्दल एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण यात रास्पबेरी पाय जळू शकतो. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला 'रिमोटचा सेन्सर द्या' म्हटलं की अजूनही टीसॉप १७३८ हातात ठेवतात. तो ५ व्होल्टचा आहे. त्याचं आउटपुट आतल्या रोधकाने सप्लायला ओढलेलं असतं, म्हणजे निवांत असताना आउटपुटवर ५ व्होल्टच उभे असतात. पायच्या जीपीआयओला ३.३ च्या वर चालत नाही. टीसॉप ३८२३८ घ्या, तो २.५ ते ५.५ व्होल्टवर चालतो, त्याला पायमधूनच ३.३ द्या.

दुसरं, दोन्ही सेन्सरच्या पिनांचा क्रम वेगळा आहे. घुमट आपल्याकडे करून डावीकडून मोजलं तर १७३८ मध्ये ग्राउंड, सप्लाय, आउटपुट. ३८२३८ मध्ये आउटपुट, ग्राउंड, सप्लाय. एकाचा सर्किट डायग्राम बघून दुसरा लावला तर सप्लाय उलटा जातो आणि सेन्सर तापतो. बोट लावून गरम लागला तर आधी वीज काढा, मग विचार करा.

पाठवण्याच्या बाजूला एलईडी थेट पिनवर लावू नका. पिन १६ मिलिअँपियरच्या पुढे ताणायची नसते आणि इन्फ्रारेड एलईडीला खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचायला १०० च्या आसपास लागतात. टू-एन-२२२२ ट्रान्झिस्टर, बेसला १ किलोओहम, कलेक्टरच्या वाटेत ९४० नॅनोमीटरचा एलईडी आणि ३३ ओहम, वर ५ व्होल्ट. बीसी ५४७ घेऊ नका, त्याची कमाल मर्यादाच १०० आहे, म्हणजे तो सतत काठावर चालेल.

एलईडी पेटतोय का ते मोबाइलच्या कॅमेऱ्यातून जांभळट दिसतं. मागचा कॅमेरा बऱ्याचदा इन्फ्रारेड गाळतो, म्हणून पुढच्या कॅमेऱ्याने बघा.

---

निवांत_नाशिक

माझ्याकडच्या जुन्या लेखात पायच्या कॉन्फिग फाइलमध्ये लर्क-आरपीआय हा ड्रायव्हर लिहायला सांगितलंय. लिहिलं, रीबूट केलं, डिव्हाइस फाइलच दिसत नाही. पाय ४ आहे.

---

वेलदोडा

@निवांत_नाशिक, तो ड्रायव्हर गेला. पायच्या कर्नलमध्ये ४.१९ पासून त्याची जागा मुख्य कर्नलमधल्या ड्रायव्हरांनी घेतली आहे. आता दोन वेगळ्या ओळी लिहायच्या: रिसीव्हरसाठी डीटीओव्हरले=जीपीआयओ-आयआर आणि ट्रान्समीटरसाठी डीटीओव्हरले=जीपीआयओ-आयआर-टीएक्स किंवा पीडब्ल्यूएम-आयआर-टीएक्स. दोन्ही बाजूंची मूळ पिन १८ हीच ठरलेली आहे, त्यामुळे जीपीआयओ_पिन=१७ असं लिहून रिसीव्हर दुसरीकडे हलवा, नाहीतर दोघे एकाच पिनवर भांडतील.

---

निवांत_नाशिक

दोन्ही फाइली दिसायला लागल्या. आभारी आहे.

---

भोवरा

रिमोटचं बटण रेकॉर्ड केलं, तेच आकडे सी प्रोग्राममधून राइट केले, तर 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' येतं. लर्क१ वरच, म्हणजे ट्रान्समीटरच्या फाइलवर, लिहितोय आणि पाठवण्याचा बिट फीचर्समध्ये आहे. आकडेही बरोबर वाटतात.

---

वेलदोडा

किती आकडे पाठवताय? सम असतील तर कर्नल परत पाठवणारच. लिहिताना यादी पल्सने सुरू होऊन पल्सनेच संपली पाहिजे, म्हणजे एकूण आकडे विषम. एनईसीचंच घ्या: सुरुवातीचे २, मग ३२ बिटांचे ६४, आणि शेवटचा बिट जिथे संपतो तिथला १ पल्स. एकूण ६७. तुम्ही रेकॉर्डिंग जसंच्या तसं उचललंय, त्यात शेवटी टाइमआउटची नोंद चिकटलेली असणार. ती कापा.

आणखी एक. वाचताना वरच्या ८ बिटांत प्रकार असतो, लिहिताना मात्र नुसते मायक्रोसेकंद द्यायचे. प्रकाराचे बिट तसेच ठेवले तर कर्नलला तो १६ सेकंदांचा पल्स वाटतो, आणि एका वेळी सगळं मिळून अर्ध्या सेकंदाच्या वर पाठवता येत नाही. तिथेही हाच एरर येतो.

---

भोवरा

दोन्ही होतं. टाइमआउट कापला, बिट पुसले, सेट टॉप बॉक्स सुरू झाला!

---

पाणकोंबडा

माझी अडचण वेगळी आणि चक्रावणारी आहे. एसीचा सिग्नल रेकॉर्ड करून फाइलमध्ये ठेवलाय, तो छान चालतो. जुना टीव्ही आरसी-५ या रिमोट प्रोटोकॉलचा आहे, त्याचा कोड स्कॅनकोड मोडने पाठवतो, तोही छान चालतो. पण टीव्हीला कोड पाठवला की त्यानंतर एसी लांबून ऐकत नाही. जवळ जाऊन पाठवलं तर ऐकतो. पाय रीबूट केला की परत सगळं ठीक. वायरिंग तीनदा तपासलं.

---

बिनतारी

पाणकोंबडा, वायरिंगला हात लावू नका, ते चांगलं आहे. हा कॅरिअरचा खेळ आहे. सविस्तर लिहितो, कारण धाग्याचा गाभाच इथे आहे.

आयऑक्टलने केलेले बदल दोन जातींचे असतात. काही तुम्ही उघडलेल्या फाइलपुरते राहतात. लर्क_सेट_रेक_मोड आणि लर्क_सेट_सेंड_मोड त्यातले. तुमच्या प्रोग्रामने स्कॅनकोड मोड लावला म्हणून शेजारच्या प्रोग्रामला काही फरक पडत नाही, आणि फाइल बंद केली की तो मोड संपला. कॅरिअर, ड्यूटी सायकल, रिसीव्हरचा टाइमआउट हे मात्र डिव्हाइसचे असतात. एकदा बदलले की फाइल बंद करून नव्याने उघडली तरी तसेच राहतात.

आता तुमच्याकडे काय होतं ते बघा. स्कॅनकोड मोडमध्ये तुम्ही फक्त प्रोटोकॉल आणि कोड देता, पल्स कर्नल स्वतः तयार करतं. ते करताना त्या प्रोटोकॉलचा कॅरिअरही लावून टाकतं. आरसी-५ चा कॅरिअर ३६ किलोहर्ट्झ. टीव्ही बंद झाला, पण ट्रान्समीटर ३६ वरच राहिला. मग तुम्ही एसीचे कच्चे पल्स लिहिले. कच्च्या पल्समध्ये कॅरिअरची माहिती कुठेच नसते, कारण टीसॉप तो आतच गाळून टाकतो आणि आपल्याला नुसती चालू-बंदची रांग देतो. त्यामुळे एसीचा संदेश ३६ वर गेला. एसीतला रिसीव्हर ३८ ला जुळवलेला असेल तर शेजारची फ्रिक्वेन्सी त्याला अगदीच ऐकू येत नाही असं नाही, पण संवेदनशीलता घटते. म्हणून जवळून चालतं, लांबून नाही. रीबूटनंतर ड्रायव्हर आपल्या मूळच्या ३८००० वर येतो आणि सगळं ठीक वाटायला लागतं.

उपाय सोपा आहे. प्रत्येक राइटच्या आधी लर्क_सेट_सेंड_कॅरिअरने ३८००० द्या. आधी काय होतं याच्यावर विसंबून राहू नका. आयआर-सीटीएल वापरत असाल तर रेकॉर्ड केलेल्या फाइलच्या डोक्यावर 'कॅरिअर ३८०००' अशी ओळ स्वतः लिहा.

अँड्रॉइडमध्ये ४.४ पासून इन्फ्रारेडसाठी जी सोय आहे तिथे ट्रान्समिट करताना फ्रिक्वेन्सी आणि पल्सची रांग एकत्रच द्यावी लागते. मला ती रचना जास्त आवडते, मागच्याचं मागे राहतं.

---

पाणकोंबडा

राइटच्या आधी ती एक ओळ घातली आणि एसी हॉलच्या पार टोकावरून सुरू झाला. मी नवा एलईडी मागवायला निघालो होतो.

---

उंबरठा

एसीचं रेकॉर्डिंग कसं केलंत कुणी सांगाल का? मी एकच बटण परत परत दाबून बघतेय, दर वेळी आकडे वेगळे येतात. आणि मध्येच तुटतात.

---

वेलदोडा

उंबरठाताई, तुमचा रिसीव्हर बरोबर वाचतोय. टीव्हीचा रिमोट 'आवाज वाढव' एवढंच सांगतो. एसीचा रिमोट दर दाबाला सगळी अवस्था पाठवतो: चालू की बंद, कुठला मोड, तापमान किती, पंख्याचा वेग, झडप हलती की थांबलेली, आणि शेवटी बहुतेक वेळा चेकसम (पडताळणीचा आकडा). तुम्ही तापमानाचं बटण दाबलं की तापमान बदलतं, चेकसम बदलतो, म्हणून आकडे वेगळे. बटण रेकॉर्ड करू नका, अवस्था रेकॉर्ड करा. रिमोटच्या पडद्यावर २६, कूल, पंखा मध्यम असं लावा, मग रिमोट बंद करा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि चालूचं बटण दाबा. ती फाइल म्हणजे '२६ वर सुरू'.

तुटण्याचं कारण टाइमआउट. एसीचा संदेश लांब असतो आणि काही कंपन्यांचे दोन-तीन तुकड्यांत येतात, मध्ये ३० मिलिसेकंदांच्या आसपास शांतता. टाइमआउट त्याहून कमी असेल तर ड्रायव्हरला वाटतं संदेश संपला. नव्या कर्नलमध्ये सुरू असलेल्या प्रोटोकॉलांप्रमाणे टाइमआउट आपोआप खाली येतो, त्यामुळे हे जास्त दिसतं. लर्क_सेट_रेक_टाइमआउटला १००००० द्या, तो मायक्रोसेकंदांत असतो. किती चालेल याची मर्यादा विचारायला लर्क_गेट_मिन_टाइमआउट आणि लर्क_गेट_मॅक्स_टाइमआउट आहेत.

मग आकडे साफ करा. टीसॉप पल्स थोडा ताणतो किंवा आखडतो, त्यामुळे एकाच लांबीचे पल्स ५३०, ५९०, ६१० असे विखुरलेले येतात. ते सगळे एका सरासरीवर आणा, स्पेसचंही तसंच करा. कच्चं पाठवलं तर जवळून चालतं आणि लांबून दगा देतं.

आईसाठी एसीचा हा स्वभाव फार सोयीचा ठरला. 'चालू' तीनदा दाबलं गेलं तरी एसी चालूच राहतो. थरथरत्या हाताने बटण दोनदा लागणं रोजचंच आहे. टीव्हीचं पॉवरचं बटण मात्र दोनदा गेलं की टीव्ही पुन्हा बंद, म्हणून तिथे पहिल्या दाबानंतर दोन सेकंद मी पुढचे दाब मोजतच नाही.

---

उंबरठा

टाइमआउट वाढवल्यावर अख्खा संदेश एका दमात आला. सासऱ्यांच्या खोलीत लावणार आहे. मनापासून आभार.

---

भोवरा

टीव्हीवरून आठवलं. आरसी-५ चं कच्चं रेकॉर्डिंग पाठवलं तर पहिल्यांदा चॅनेल बदलतो, नंतर ढिम्म. मधे खरा रिमोट वापरला की परत एकदा चालतं.

---

बिनतारी

टॉगल बिट. आरसी-५ च्या १४ बिटांतला तिसरा. दर नव्या दाबाला तो उलटतो, बटण धरून ठेवलं तर तसाच राहतो. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये तो गोठलाय, त्यामुळे टीव्हीला वाटतं अजून तेच बटण दाबून धरलंय. एकच बटण सुटं सुटं दोनदा दाबून दोन फाइली करा आणि आळीपाळीने पाठवा. अंकांची बटणं असतील तर प्रत्येकाच्या दोन.

---

निवांत_नाशिक

आज परत आलो. जीपीआयओ-आयआर-टीएक्स वापरून एसीला पाठवताना पायवर लावलेल्या यूएसबी स्पीकरवरचं गाणं अडखळतं. पाय झीरो आहे, पहिला.

---

बिनतारी

तो ड्रायव्हर कॅरिअर स्वतः पिन वरखाली करून बनवतो आणि वेळ चुकू नये म्हणून तेवढा काळ त्या कोरवरचे इंटरप्ट (इतर कामांच्या हाका) बंद ठेवतो. पहिल्या झीरोला कोरच एक. पीडब्ल्यूएम-आयआर-टीएक्स लावा, तिथे कॅरिअर पीडब्ल्यूएम हे पिन चालू-बंद करणारं हार्डवेअर बनवतं. फक्त पिन १२, १३, १८, १९ यांपैकी हवी. हेडफोन जॅकचा आवाजही त्याच पीडब्ल्यूएमवर चालतो, पण तुमच्या झीरोला जॅक नाही आणि स्पीकर यूएसबीवर आहे, तेव्हा अडचण येऊ नये.

---

सोल्डरवाली

एक राहिलं. रीबूटनंतर लर्क० आणि लर्क१ यांची अदलाबदल होऊ शकते. आईंच्या फळीसारख्या रोजच्या वस्तूत हे चालणार नाही, कारण घरी दुरुस्त करायला कुणी नसेल तेव्हाच ते होईल. युडेव्ह या डिव्हाइस फाइलींना नावं देणाऱ्या लिनक्सच्या सोयीत नियम लिहून ड्रायव्हरच्या नावावरून कायमची नावं द्या, एक लर्क-आरएक्स, एक लर्क-टीएक्स, आणि प्रोग्राममध्ये तीच वापरा. शिवाय उघडल्यावर फीचर्स विचारून पाठवण्याचा बिट आहे याची खात्री करा.

---

वेलदोडा

@सोल्डरवाली, तसंच केलंय. फीचर्स चुकले तर फळीवरचा लाल दिवा लागतो आणि बहिणीच्या फोनवर निरोप जातो.

पंख्याचं विचारायचं राहिलं. त्याच्या रिमोटवर पॉवरचं एकच बटण आहे, आणि पंखा चालू आहे की बंद हे पायला कळायला मार्ग नाही. वेगाच्या १ ते ५ बटणांनी पंखा बंद असतानाही सुरू होतो, तर चालूसाठी मी ३ चं बटण पाठवतो. बंदसाठी काय करावं?

---

बिनतारी

इन्फ्रारेड एकतर्फी आहे, पंखा उलट बोलणार नाही. पण '३ नेही सुरू होतो' हे तुमच्या हातात आलंय ना, मग त्यातच उत्तर आहे. बंद करताना आधी ३ पाठवा, अर्धा सेकंद थांबा, मग पॉवर पाठवा. पंखा आधी चालू असो वा बंद, ३ नंतर तो चालूच असणार आणि पॉवरने बंदच होणार. राइट पूर्ण पाठवून झाल्यावरच परत येतं, त्यामुळे दोन राइटच्या मधला अर्धा सेकंद नीट मोजला जाईल.

---

वेलदोडा

केलं. आत्ताच आईकडून चार वेळा करून घेतलं, मुद्दाम पंखा आधीच बंद असतानाही. दर वेळी बंदच राहतो. कोड साफ करून उद्या इथे टाकतो, टाइमआउटचे आणि कॅरिअरचे आयऑक्टल त्यात टिपणांसकट असतील.